सुप्त क्षयाच्या चाचण्या : स्वस्त कोणती आणि कोणाला?

एखाद्या घरात फुप्फुसाचा क्षयरोगी सापडला की त्याच्या औषधोपचाराबरोबर दुसराही एक प्रश्न उभा राहतो. त्याच घरात राहणाऱ्या, आज धडधाकट दिसणाऱ्या माणसांचे काय करायचे? त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरलेले असतात, पण प्रतिकारशक्तीने ते दाबून ठेवलेले असतात. या अवस्थेला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. मात्र अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. वेळेवर प्रतिबंधक औषध दिले तर तो ६० ते ९० टक्क्यांनी कमी होतो.

संसर्ग ओळखणाऱ्या चाचण्यांना महत्त्व येते ते यामुळे. गेल्या वीसेक वर्षांत या चाचण्यांची तुलना करणारे, म्हणजे 'खर्चाच्या मानाने कोणती चाचणी अधिक परिणामकारक' हे ठरवणारे पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतील गणित बहुधा निर्दोष असते. माझा आक्षेप वेगळा आहे. या निबंधांत चाचणीची किंमत आणि अचूकता बारकाईने मोजली जाते; परंतु चाचणीपासून औषधाच्या शेवटच्या गोळीपर्यंतच्या वाटेवर जी माणसे गळतात, आणि त्यांच्या खिशातून जो पैसा जातो, त्यांना हिशोबात फारच थोडी जागा मिळते. परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावासाठी निर्णय घ्यायचा तर नेमक्या याच दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

चाचण्या कोणत्या?

पहिली चाचणी जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे द्रव्य क्षयावरचा उपाय म्हणून जाहीर केले. उपाय म्हणून ते फसले, पण संसर्ग ओळखण्याचे साधन म्हणून टिकले. फ्रेंच वैद्यक शार्ल मांटू यांनी १९०८ मध्ये ते कातडीच्या आत टोचण्याची पद्धत रूढ केली. आजही शुद्ध केलेले ट्युबरक्युलिन हाताच्या पुढच्या भागात ०.१ मिलिलीटर टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तेथे आलेल्या कठीण फुगवट्याचा आडवा व्यास पट्टीने मोजतात. लाली मोजायची नसते, हाताला लागणारा कठीणपणा मोजायचा असतो. सर्वसाधारणपणे १० मिलिमीटर किंवा अधिक व्यास म्हणजे चाचणी होकारार्थी.

या चाचणीचा दोष असा की ट्युबरक्युलिनमध्ये अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यातील काही बीसीजीच्या जंतूत आणि माती-पाण्यातील निरुपद्रवी जंतूंतही असतात. त्यामुळे क्षयाचा संसर्ग नसलेल्या माणसाचीही चाचणी कधी कधी होकारार्थी येते.

दुसरी चाचणी रक्ताची. तिला 'इग्रा' या संक्षिप्त नावाने ओळखतात. क्षयजंतूंच्या ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या दोन प्रथिनांशी रक्तातील पांढऱ्या पेशींची गाठ घालून देतात. पेशींना या प्रथिनांची आधीची ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजले जाते. ही दोन्ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नाहीत, त्यामुळे लसीमुळे होणारी दिशाभूल टळते. शिवाय माणसाला एकदाच यावे लागते. परंतु चाचणी महाग आहे. तिच्या प्रचलित प्रकारात रक्त घेतल्यापासून ठराविक तासांत ते ३७ अंश तापमानाच्या उबवणयंत्रात जावे लागते. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावात रक्त काढले, तर नमुना वेळेत परभणीला किंवा नांदेडला पोहोचवण्याची व्यवस्था हा चाचणीचाच भाग मानावा लागेल.

तिसरी चाचणी या दोहोंच्या मधली. वरील दोन प्रथिनेच कातडीत टोचायची आणि फुगवटा मोजायचा. मूळ डेन्मार्कमध्ये विकसित झालेली ही चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'साय-टीबी' या नावाने आणली. २०२२ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी या प्रकारच्या चाचण्यांची शिफारस केली. अचूकता रक्तचाचणीसारखी, कृती मांटूसारखी. पण वाचनासाठी दोन-तीन दिवसांनी पुन्हा भेट होणे येथेही आवश्यकच आहे.

तिन्ही चाचण्यांची एक समान मर्यादा आहे. शरीराने क्षयजंतू 'पाहिले' आहेत एवढेच त्या सांगतात. संसर्ग कालचा की वीस वर्षांपूर्वीचा, जंतू अजून जिवंत आहेत की नाहीत, आणि या माणसाला रोग होणार की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर त्या देत नाहीत.

सेवाग्रामचा अभ्यास

महाराष्ट्रात या विषयावर एक महत्त्वाचा अभ्यास झाला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील ७२६ आरोग्य कर्मचारी व विद्यार्थ्यांवर मांटू आणि रक्तचाचणी अशा दोन्ही चाचण्या केल्या गेल्या. मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांटू चाचणी ४१ टक्क्यांची होकारार्थी आली आणि रक्तचाचणी ४० टक्क्यांची. बीसीजीचा मांटूच्या निकालावर फारसा परिणाम आढळला नाही.

हा शेवटचा मुद्दा पाहण्यासारखा आहे. रक्तचाचणीच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद बीसीजीचाच असतो. पण भारतात ही लस जन्मानंतर लगेच देतात, आणि तान्हेपणी दिलेल्या लसीचा मांटूवरील परिणाम दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ पुसला जातो. शालेय वयात लस देणाऱ्या किंवा ती पुनःपुन्हा टोचणाऱ्या देशांतील आकडे उचलून आपल्याकडे लावले, तर मांटू आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

याच अभ्यासातील दुसरी दोन आकडेवारी तितकीच बोलकी आहे. दोन्ही चाचण्या होकारार्थी आलेले लोक ३१ टक्के होते, आणि निदान एक तरी होकारार्थी असलेले ५० टक्के. म्हणजे शंभरांतील १९ जणांबाबत दोन चाचण्यांचे मत भिन्न होते. त्यांच्यात कोण बरोबर? हे ठरवणारी तिसरी, निर्विवाद कसोटी अस्तित्वातच नाही. म्हणून चाचणीची संवेदनक्षमता, म्हणजे संसर्ग असताना तो पकडण्याची शक्ती, प्रत्यक्ष क्षयरोग्यांवर मोजतात आणि ती सुप्त संसर्गालाही लागू आहे असे धरतात. बहुतेक खर्चतुलना या गृहीतकावर उभ्या आहेत. निबंधांच्या शेवटी ते एका वाक्यात कबूल केलेले असते, पण निष्कर्षाच्या ठाम सुरात त्याची आठवण उरत नाही.

एक हिशोब

आता आपण स्वतः एक तुलना मांडून पाहू. त्यासाठी चुडावा परिसरातील क्षयरोग्यांच्या घरांतील पाच वर्षांवरील २०० माणसे कल्पू. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात घरातील व निकटच्या संपर्कातील निम्म्याहून किंचित अधिक लोकांत संसर्ग आढळला होता. म्हणून २०० पैकी १०० जणांना संसर्ग आहे असे धरू. रुपयांचे सर्व आकडे केवळ हिशोबासाठी घेतलेले आहेत : मांटू १०० रुपये, रक्तचाचणी २,००० रुपये, आणि प्रतिबंधक औषधाचा पूर्ण खर्च माणशी १,००० रुपये.

मांटूची संवेदनक्षमता ७७ टक्के आणि रक्तचाचणीची ७८ टक्के धरू. प्रसिद्ध संकलनांत ती अशीच जवळजवळ सारखी आढळते. संसर्ग नसलेल्याला 'नाही' म्हणण्याची क्षमता, म्हणजे विशिष्टता, मांटूची ९० आणि रक्तचाचणीची ९६ टक्के घेऊ.

पहिला मार्ग मांटूचा. संसर्ग असलेले ७७ सापडतात, नसलेले १० चुकून होकारार्थी येतात. चाचण्यांचे २०,००० आणि ८७ जणांच्या औषधाचे ८७,००० मिळून खर्च १,०७,००० रुपये.

दुसरा मार्ग रक्तचाचणीचा. ७८ सापडतात, ४ चुकून येतात. चाचण्यांचे ४,००,००० आणि औषधाचे ८२,००० मिळून ४,८२,००० रुपये.

तिसरा मार्ग चाचणीच न करता, प्रत्यक्ष रोग नाही एवढी खात्री करून सर्वांना औषध देण्याचा. १०० पैकी १०० संसर्गितांना औषध मिळते, पण १०० जणांना ते विनाकारण दिले जाते. खर्च २,००,००० रुपये.

पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर गेलो तर ३,७५,००० रुपये जादा मोजून एक संसर्गित अधिक सापडतो आणि सहा जणांचे अनावश्यक औषध वाचते. तिसऱ्या मार्गावर गेलो तर ९३,००० रुपये जादा मोजून २३ संसर्गित अधिक मिळतात, मात्र ९० जण अधिक विनाकारण औषध घेतात. 'जादा खर्च किती आणि त्यातून जादा लाभ किती' हाच या शास्त्रातील मुख्य प्रश्न. केवळ सरासरी खर्च पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

आता वास्तवाची एक पायरी वाढवू. मांटू टोचून घेतलेल्या २०० पैकी ४० जण वाचनासाठी परत आलेच नाहीत असे समजा. उरलेल्या १६० मध्ये संसर्गित ८० असतील. त्यांतील सुमारे ६२ सापडतील, ८ चुकून येतील आणि खर्च होईल ९०,००० रुपये. दर संसर्गितामागे खर्च आधी १,३९० रुपये होता, तो आता १,४५२ झाला. कागदावर फरक नगण्य दिसतो. पण प्रत्यक्षात १५ संसर्गित माणसे हातची गेली. सरासरीच्या भाषेत लिहिलेला निबंध या पंधरा जणांना सहज झाकून टाकतो.

आणि खिसा कोणाचा? एका फेरीत बुडालेली मजुरी व प्रवास मिळून ३०० रुपये धरले, तर दोनदा आलेल्या १६० जणांचे ९६,००० आणि एकदाच आलेल्या ४० जणांचे १२,००० मिळून लोकांनी १,०८,००० रुपये खर्च केले. म्हणजे सरकारच्या ९०,००० पेक्षा लोकांचा भार जास्त झाला. ज्या निबंधात फक्त आरोग्यव्यवस्थेचा खर्च मोजलेला असतो, त्यात ही रक्कम शून्य असते. मजुराचा बुडालेला दिवस त्या हिशोबात फुकट ठरतो.

याच हिशोबात एक लहान बदल करून पाहा. वाचनासाठी लोकांना बोलावण्याऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविका पट्टी घेऊन घरी गेली आणि दर भेटीला ५० रुपये लागले, तर १०,००० रुपये वाढतील. पण सर्व २०० निकाल वाचले जातील आणि पुन्हा ७७ जण सापडतील. एकूण खर्च १,१७,०००. आधीच्या ९०,००० पेक्षा २७,००० जास्त आणि माणसे १५ जास्त, म्हणजे प्रत्येकामागे १,८०० रुपये. शिवाय लोकांचा भार १,०८,००० वरून ६०,००० वर येतो. चाचणी तीच आहे. बदलली आहे ती तिच्या भोवतीची व्यवस्था. खर्चतुलनेच्या निबंधांत अशा मार्गाला स्वतंत्र रकाना क्वचितच मिळतो.

उसनी गृहीतके

खर्चतुलनेचे बरेचसे जुने निबंध ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, जपान अशा देशांतून आले. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने २०११ मध्ये रोग्याच्या घरातील लोकांसाठी आधी मांटू आणि ती होकारार्थी आली तर रक्तचाचणी, असा दुहेरी मार्ग सुचवला. अशा सल्ल्यामागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. १,००० लोकांत फक्त २० जणांना संसर्ग असेल, तर मांटू १५ खऱ्यांबरोबर ९८ खोटे होकार देते आणि रक्तचाचणी १६ खऱ्यांबरोबर ३९ खोटे. तेथे महाग चाचणी पैसा वाचवू शकते. आपल्या २०० जणांत मात्र मांटूच्या ८७ होकारांतील ७७ खरेच होते. चाचणी तीच, तिचे गुणधर्म तेच, पण लोकसंख्या बदलली की निकालाचा अर्थ बदलतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला. अशा देशाने संसर्ग विरळ असलेल्या देशाचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलणे शास्त्रीय ठरत नाही.

दुसरे उसने गृहीतक असे की औषध घेतले की विषय संपला. जेथे क्षय सर्रास आहे तेथे पुन्हा संसर्ग होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांना सामूहिक प्रतिबंधक औषध देण्याचा मोठा प्रयोग झाला. औषध चालू असेपर्यंत लाभ दिसला, थांबल्यावर तो टिकला नाही, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. म्हणून आपल्याकडच्या प्रारूपात आयुष्यभराचे संरक्षण धरले असेल तर लाभ फुगवलेला आहे असे खुशाल समजावे.

तिसरी गोष्ट 'परवडते' या शब्दाची. आयुष्याचे एक निरोगी वर्ष वाचवण्याचा खर्च देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या तिपटीच्या आत असला की उपाय परवडणारा, असा दंडक अनेक वर्षे वापरला गेला. हा दंडक इतका सैल आहे की त्यातून बहुतेक काहीही पार होते. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे ठराविकच रक्कम असते. रक्तचाचणीला दिलेला पैसा क्ष-किरण यंत्राला किंवा घरभेटींना मिळत नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रोग्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सुटले असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग चाचणी नकोच का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रतिबंधक औषधाने काहींच्या यकृताला इजा होते आणि हा धोका वयाबरोबर व मद्यपानाने वाढतो. संसर्ग नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला हा धोका पत्करायला लावणे योग्य नव्हे. लहान मुलांत मात्र उलटे आहे : औषध सोसते आणि रोग झाला तर तो उग्र असतो. तसेच एखाद्याला प्रत्यक्ष रोग असताना सुप्त संसर्गाचे एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम यांची चौकशी आणि शक्य तेथे क्ष-किरण तपासणी प्रत्येक मार्गात हवीच. आणखी एक गोष्ट आकड्यांत सहसा येत नाही : धडधाकट माणूस गोळ्या घ्यायला सहजी तयार होत नाही. हातावरचा फुगवटा त्याला डोळ्यांनी दिसतो, आणि हा लाभ लहान नाही.

भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने घेतलेली भूमिका मला या दृष्टीने समंजस वाटते. रोग्याच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांना आणि एचआयव्हीबाधितांना, रोग नाही याची खात्री करून, चाचणीविना औषध; मोठ्यांना चाचणी उपलब्ध असेल तेथे करावी, पण ती नाही म्हणून औषध अडवू नये. चाचणीने मदत करावी, दारात आडवे उभे राहू नये, असा त्याचा अर्थ.

खरी गळती

शेवटी सर्वांत मोठ्या आकड्याकडे येऊ. जगभरातील अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीस पात्र असलेल्या शंभर संसर्गितांपैकी सुमारे ७२ जणांची चाचणी पूर्ण झाली, ४४ जणांची वैद्यकीय तपासणी झाली, ३५ जणांना औषध सुचवले गेले आणि औषध पुरे केले फक्त १९ जणांनी. चाचणी बदलून आपल्या हिशोबात एका माणसाचा फरक पडला होता. येथे ८१ माणसे वाटेत गळाली आहेत.

ही गळती कमी करता येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणी-प्रयोगात नऊ महिने रोज गोळी घेणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांनी औषध पुरे केले, तर आठवड्यातून एकदा असे बारा डोस घेणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी. तो प्रयोग मुख्यतः अमेरिकेतला, तेव्हा आकडे उसने घेऊ नयेत. पण त्यातील तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बारा आठवड्यांचे औषध पावसाळ्यात सुरू केले तर निघण्यापूर्वी संपते. सहा महिन्यांचे औषध संपत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांना वरील हिशोब नववी-दहावीच्या वर्गात करून घेता येईल. संसर्गाचे प्रमाण ५० ऐवजी १० टक्के करा, परत न येणारे ४० ऐवजी ८० करा, रक्तचाचणी २,००० ऐवजी ५०० रुपयांना द्या, आणि प्रत्येक वेळी कोणता मार्ग पुढे जातो ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. टक्केवारी आणि गुणोत्तर यांचा याहून चांगला सराव नाही. 'अमुक चाचणी सर्वांत किफायतशीर' असे विधान पुढे कुठेही वाचले, तर हे विद्यार्थी तीन प्रश्न विचारतील : कोणत्या लोकांत, कोणाच्या पैशाने, आणि औषधाची शेवटची गोळी किती जणांनी घेतली? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर तो निष्कर्ष चुडाव्याच्या कामाचा नाही.